पानगळीच्या दिवसांत हिरवळीची निगा : पाने उचलावीत की तिथेच जिरवावीत?

अंगणवेल (मध्य न्यू जर्सी) | ९ ऑक्टोबर

नमस्कार. आमच्या घराभोवती साधारण सहा हजार चौरस फुटांची हिरवळ आहे. पुढच्या अंगणात एक मोठा मेपल आहे आणि मागे कुंपणालगत दोन ओक आहेत. उन्हाळ्याच्या तडाख्यात पुढच्या भागाला जागोजागी टक्कल पडले होते, म्हणून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भाड्याचे यंत्र आणून जमिनीला छिद्रे पाडून घेतली आणि त्यावर टॉल फेस्क्यू या गवताचे बी पेरले. उगवण चांगली झाली असून नवी पाती आता अडीच-तीन इंचांची आहेत. मागच्या भागात जुनेच गवत आहे आणि ते बऱ्यापैकी दाट आहे.

आता मेपलने पाने टाकायला सुरुवात केली आहे. नव्या गवतावर दाताळे ओढले तर कोवळी रोपे मुळासकट वर येतात, असे एका कोपऱ्यात करून पाहिल्यावर लक्षात आले. दुसरीकडे, पाने तशीच राहू दिली तर खालचे गवत पिवळे पडेल अशी भीती वाटते. त्यातच हिरवळीची वार्षिक देखभाल करणाऱ्या एका कंपनीचा माणूस परवा दारी आला आणि चुना, तणनाशक, हिवाळी खत आणि पाने उचलून नेणे असे सगळे मिळून एक पॅकेज गळ्यात मारू पाहत होता. मातीची तपासणी केली का, असे विचारल्यावर त्याने केवळ अंगणाकडे पाहून ‘इथे चुना लागणारच’ असे ठामपणे सांगितले, ते मला पटले नाही.

पाने उचलणे खरोखर आवश्यक आहे का, आणि या सगळ्या उपचारांचा क्रम काय असावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मातीमोल (न्यू जर्सी) | ९ ऑक्टोबर

अंगणवेल, तुमच्या घराभोवती दोन वेगवेगळ्या हिरवळी आहेत असे धरून चाललात तर निम्मा गोंधळ आपोआप संपेल. पुढची हिरवळ अजून बाल्यावस्थेत आहे आणि मागची कर्ती आहे. दोघींना एकच नियम लावता येणार नाही.

आधी थोडे गवताविषयी. आपल्या भागात लावले जाणारे केंटकी ब्ल्यूग्रास, टॉल फेस्क्यू आणि रायग्रास ही सगळी थंड हवेची गवते आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये ती जेमतेम तग धरतात आणि सप्टेंबरपासून, हवा गार पण माती अजून उबदार असताना, मुळे आणि फुटवे वाढवू लागतात. झाडे आपला पसारा आवरायला घेतात नेमका तोच गवताचा कमाईचा हंगाम असतो आणि त्याच वेळी वरून पाने पडून त्याचा उजेड अडवतात. पानांचा दोष एवढाच की ती प्रकाश अडवतात आणि ओल धरून ठेवतात. हे दोन दोष काढून टाकले तर त्याच पानांचे मातीला लागणारे सेंद्रिय द्रव्य होते.

मागच्या जुन्या हिरवळीवरून एकही पान उचलू नका. मोअरची (गवत कापण्याच्या यंत्राची) मागची पिशवी काढून टाका, शक्य असल्यास मल्चिंगचे, म्हणजे पाने बारीक चिरणारे, पाते बसवा, पात्याला धार लावून घ्या आणि कापण्याची उंची तीन इंचांच्या आसपास ठेवून पानांवरून मोअर चालवा. पाने कोरडी असली पाहिजेत, कारण सकाळच्या दवात भिजलेली पाने चिरली न जाता पात्याखाली लगद्यासारखी चिकटून बसतात. एकदा उभे आणि एकदा आडवे फिरवले की मेपलच्या पानाचे नखाएवढे तुकडे होतात आणि ते गवताच्या पात्यांमधून खाली मातीवर जाऊन बसतात. काम झाल्यावर वरून पाहिले असता निम्म्याहून अधिक गवत उघडे दिसले पाहिजे. तसे दिसत नसेल तर आणखी एक फेरी मारावी आणि तरीही थर जाड वाटला तर त्या दिवसापुरती पिशवी लावून थोडा चुरा गोळा करावा.

पुढच्या भागाचे तंत्र निराळे आहे. तिथे दाताळे अजिबात नको. हाताने चालवायचा, हवेच्या झोताने पाने ढकलणारा बॅटरीवरचा ब्लोअर अगदी कमी वेगावर ठेवून, नळीचे तोंड जमिनीपासून वर धरून, पाने हलकेच सरकवत मागच्या अंगणात न्यावीत. प्रौढ हिरवळीवर पाचवा हिस्सा जमीन पानांनी झाकली गेली तरी बिघडत नाही, परंतु कोवळ्या रोपांवर ओल्या पानांचा थर दोन-चार दिवस राहिला तरी ती कोलमडून कुजू लागतात. पाती साडेतीन-चार इंचांची झाली आणि माती घट्ट झाली की पहिली कापणी तीन इंचांवर करावी. एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग कधीही काढू नये, हा नियम इथे फार महत्त्वाचा आहे. अशा दोन-तीन कापण्या झाल्यावर तिथेही पाने तिथल्या तिथे चिरायला हरकत नाही.

चुन्याबाबत तुमची शंका रास्त आहे. मातीचे परीक्षण झाल्याशिवाय चुना टाकणे म्हणजे रक्त न तपासता औषध घेणे होय. आपल्या काउंटीच्या कृषी विस्तार कार्यालयातून रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचा संच मिळतो. तो आणून अंगणात दहा-बारा ठिकाणची वरच्या सहा इंचांतली माती घ्या, एकत्र मिसळून पाठवा आणि अहवाल येईपर्यंत त्या माणसाला थोपवून धरा.

सडेतोड (पेनसिल्व्हेनिया) | १० ऑक्टोबर

मातीमोल यांच्या विधानाशी मी सहमत होऊ शकत नाही. ओकची पाने आम्लधर्मी असतात आणि ती वर्षानुवर्षे जमिनीत मिसळत राहिल्यास माती आंबट होते, असे आमच्या वसाहतीतील जुने रहिवासी सांगतात. शिवाय इतका चुरा साठल्यावर गवताच्या बुडाशी तो तपकिरी, स्पंजासारखा थर वाढत जाणार, आणि हाच थर काढण्यासाठी लोक पुढे पैसे मोजतात. आमच्याकडे रहिवासी संघटनेचा नियमही असा आहे की अंगणात पाने दिसता कामा नयेत.

मातीमोल | १० ऑक्टोबर

सडेतोड, दोन्ही आक्षेप सर्वत्र ऐकू येतात, म्हणून सविस्तर लिहितो. मिशिगन स्टेट विद्यापीठात आणि पर्ड्यू विद्यापीठात हिरवळीवर पाने चिरून टाकण्याचे प्रयोग काही वर्षे सलग झालेले आहेत. मिशिगनमध्ये सुमारे सहा इंच जाडीचा सैल पाचोळासुद्धा एका खेपेत मोअरने चिरून जिरवता आला आणि गवताची प्रत खालावली नाही. मेपलच्या चुऱ्याखाली डँडेलियन या तणाची नवी रोपे कमी उगवली, हा त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग. पर्ड्यूच्या प्रयोगांत मातीच्या आम्लतेवर लक्षात येण्याजोगा परिणाम आढळला नाही. ओकचे ताजे पान आम्लधर्मी असते हे खरे, पण कुजताना ते उदासीन होत जाते. ओकखालची माती आंबट आढळते, कारण आपल्या भागातली पावसाळी माती मुळातच आंबट असते. मेपलखालची मातीही तपासली तर ती बहुधा तशीच निघते.

बुडाशी साठणारा स्पंजासारखा थर मुख्यतः गवताच्या स्वतःच्या खोडांचा, आडव्या धावणाऱ्या मुळांचा आणि फुटव्यांचा असतो. त्यांत लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) भरपूर असल्यामुळे ते लवकर कुजत नाहीत. झाडाच्या पानांचा बारीक चुरा गांडुळे आणि सूक्ष्मजीव वसंतापर्यंत बहुतांशी संपवून टाकतात. मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कोरड्या पानांत कर्ब फार आणि नत्र कमी असल्यामुळे कुजवणारे जीव काही काळ मातीतले नत्र स्वतःसाठी ओढून घेतात. म्हणूनच पाने जिरवणाऱ्याने या हंगामातला खताचा एक हप्ता चुकवू नये.

तुमच्या संघटनेच्या नियमाविषयी मी काय बोलणार! मात्र नीट चिरलेला पाला दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून दिसतही नाही, हे समितीतल्या एखाद्या सदस्याला प्रत्यक्ष दाखवून पाहा.

शेवंती (न्यू जर्सी) | ११ ऑक्टोबर

चर्चा फार उपयुक्त आहे. आमच्या मागे महापालिकेच्या मालकीचे लहानसे रान आहे आणि आजूबाजूचे सगळे शेजारी पाने ब्लोअरने त्या रानाच्या कडेला ढकलतात. पैसे लागत नाहीत आणि रस्त्यावर ढीगही होत नाही, त्यामुळे आम्हीही तेच करावे असा विचार आहे. आमच्याकडे लहान मुले आणि कुत्रा आहे, म्हणून तणनाशकाविषयीही कोणी लिहिले तर बरे होईल.

मातीमोल | ११ ऑक्टोबर

शेवंती, मुले आणि कुत्रा असताना रानाच्या कडेला पाने रचू नका, असे मी आग्रहाने सांगेन. लाइम रोग पसरवणाऱ्या काळ्या पायांच्या गोचिडीला दमट, जाड पाचोळ्यासारखे दुसरे आश्रयस्थान नाही. रानाच्या कडेला ब्लोअरने पाने साठवलेल्या घरांमागे पुढच्या हंगामात गोचिडीची पिल्ले अधिक सापडतात, असे न्यू जर्सीतल्याच घरांभोवती केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले आहे. प्रौढ गोचिडी तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच सर्वाधिक फिरत असतात, त्यामुळे पानांचे काम करताना पँट मोज्यांत खोचावी आणि घरात आल्यावर मुलांचे गुडघ्यामागचे भाग, काखा आणि केसांची मुळे तपासावीत. रान आणि हिरवळ यांच्यामध्ये लाकडाच्या ढलप्यांचा किंवा खडीचा तीन फुटी पट्टा ठेवला तर आणखी उत्तम.

याचा अर्थ पाने कुठेही अखंड राहू नयेत असा नाही. काजव्यांच्या अळ्या आणि कित्येक पतंगांचे कोष याच पाचोळ्यात हिवाळा काढतात. मुलांचा वावर नसलेल्या एखाद्या झुडपांच्या वाफ्यात किंवा मेपलच्या बुडाशी, जिथे तसेही गवत धड येत नाही, तिथे पाने न चिरता राहू द्यावीत. खोडाला मात्र ती टेकू देऊ नयेत.

रस्त्यावर ढीग लावणाऱ्यांसाठीही एक सूचना करतो. आपल्या राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांचे नियम असे आहेत की ढीग संकलनाच्या तारखेआधी सात दिवसांपेक्षा लवकर लावू नये आणि पावसाच्या पाण्याच्या जाळीपासून तो किमान दहा फूट दूर असावा. ओल्या पानांतून फॉस्फरस विरघळून जाळीवाटे थेट ओढ्यात जातो आणि पुढे तळ्यांत शेवाळ माजते.

आता तणनाशक. डँडेलियन, पांढरा क्लोव्हर आणि जमिनीवर पसरणारी ग्राउंड आयव्ही यांच्यासाठी ऑक्टोबर हा वर्षातला सर्वोत्तम काळ आहे, कारण या दिवसांत ही तणे पानांतले अन्न मुळांकडे पाठवत असतात आणि औषधही त्याच वाटेने मुळापर्यंत पोहोचते. वसंतात तेच औषध मारले तर वरचा शेंडा जळतो आणि मूळ पुन्हा फुटते. फवारणीआधी जमिनीवरची पाने बाजूला केली पाहिजेत, नाहीतर औषध तणावर न पडता पाचोळ्यावर पडेल. संपूर्ण अंगणावर फवारण्याऐवजी लहान पंपाने केवळ तणावर फवारावे. औषध वाळेपर्यंत आणि लेबलवर सांगितलेली मुदत संपेपर्यंत मुलांना व कुत्र्याला त्या भागात जाऊ देऊ नये. फवारणीनंतरच्या कापण्यांचा चुरा भाजीपाल्याच्या वाफ्यात किंवा कंपोस्टात घालू नये, कारण काही तणनाशके कंपोस्टातही टिकतात आणि टोमॅटोची पाने मुरडून टाकतात.

अंगणवेल यांच्या पुढच्या भागात यातले काहीही नको. नवे गवत तीन-चार वेळा कापले जाईपर्यंत ते तणनाशक सोसू शकत नाही.

ओलेचिंब (सरे, इंग्लंड) | १३ ऑक्टोबर

इंग्लंडातील परिस्थिती थोडी निराळी आहे, म्हणून लिहावेसे वाटले. आमच्याकडे थंडी बेताची असली तरी ओल सहा महिने हटत नाही, आणि गवताचा खरा शत्रू मॉस, म्हणजे ओल्या जमिनीवर मखमलीसारखी पसरणारी हिरवी वनस्पती, हा आहे. पाने चिरून जिरवण्याचा सल्ला इथेही दिला जातो, पण नोव्हेंबरमध्ये सलग दोन दिवस कोरडे मिळण्याची मारामार असल्यामुळे आम्ही बहुतेक पाने गोळाच करतो. ती भोके पाडलेल्या काळ्या पिशव्यांत भरून, थोडे पाणी शिंपडून, शेडच्या मागे ठेवून दिली की दीड-दोन वर्षांत त्यांचे काळेभोर, भुसभुशीत पानखत तयार होते. बियांच्या ट्रेसाठी मी दुसरे काही विकत घेत नाही.

मॉससाठी शरद ऋतूत फेरस सल्फेटचा उपयोग होतो. काही दिवसांत मॉस काळे पडते, मग ते तारेच्या दाताळ्याने खरवडून काढावे लागते. ओल्या फरशीवर त्याचे दाणे पडले तर गंजासारखे डाग पडतात आणि ते सहसा जात नाहीत, त्यामुळे स्प्रेडर (दाणे सारखे पसरवण्याची गाडी) भरताना तो हिरवळीवर न ठेवता प्लॅस्टिकच्या कागदावर ठेवावा आणि चपलांचे तळवे झटकून मगच घरात शिरावे. सावली, दबलेली माती आणि निचऱ्याचा अभाव ही कारणे कायम राहिली तर मॉस पुढच्या वर्षी हजर होते. म्हणून मी बागेच्या काट्याने चार इंच खोल भोके पाडून त्यांत जाड वाळू आणि चाळलेली माती झाडूने भरतो. काम कंटाळवाणे आहे, पण औषधापेक्षा त्याचाच गुण अधिक येतो.

टेक्सासकर (ह्यूस्टन) | १४ ऑक्टोबर

दक्षिणेतल्या मंडळींनी वरचे वेळापत्रक उचलून आपल्या अंगणात लावू नये, एवढेच सांगण्यासाठी लिहीत आहे. आमच्याकडचे सेंट ऑगस्टिन आणि बर्म्युडा ही उष्ण हवेची गवते आहेत. थंडीच्या तोंडावर त्यांना भरपूर नत्र दिले तर कोवळी वाढ होते आणि तपकिरी चट्ट्यांच्या बुरशीला आयतेच खाद्य मिळते. इथल्या सदाहरित लाइव्ह ओकची पानगळ तर ऑक्टोबरमध्ये नसून फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. नवी पालवी येताना जुनी पाने एकदम खाली येतात आणि त्याच वेळी गवत हिवाळी झोपेतून उठत असते. त्यामुळे आमची पाने जिरवण्याची खटपट वसंतात चालते.

खराटा (पुणे) | १५ ऑक्टोबर

टेक्सासकर, तुमचे वर्णन वाचून पुण्याचीच आठवण झाली. आमच्या सोसायटीच्या बागेतली हिरवळ काही भागात सिलेक्शन वनची आणि काही भागात मेक्सिकन गवताची आहे. आमची पानगळ डिसेंबरअखेरीस सागापासून सुरू होते आणि पिंपळ, कडुनिंब व रेन ट्री मिळून ती मार्चपर्यंत ओढत नेतात. थंडीत आमचे गवतही मंदावलेले असते, त्यामुळे तेव्हा खत देऊन काही साधत नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन चढू लागले की माळीबुवा गवत बुडाशी कापतात, पाचोळा झाडून घेतात आणि चाळलेली पोयटा माती व पूर्ण कुजलेले शेणखत यांचा अर्धा इंच थर पसरून पाणी देतात. शेणखत कच्चे असले तर त्यातून हुमणी (मुळे खाणारी अळी) आणि तण दोन्ही येतात. लव्हाळा हे तण एकदा आत शिरले की ते गाठीसकट खणून काढण्यात पुढचा पावसाळा जातो.

इथे मोअरने पाने चिरण्याची पद्धत फारशी नाही. रेन ट्रीची बारीक पाने गवतात आपोआप शिरतात आणि जिरतात, परंतु साग, फणस आणि देशी बदाम यांची पाने ताटासारखी पसरून बसतात, त्यामुळे ती उचलावीच लागतात. पाचोळा पेटवण्याची जुनी खोड अजून पुरती गेलेली नाही. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यावर देशभर बंदी घातली आणि साध्या प्रकरणात पाच हजार रुपये तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये भरपाई ठरवली, तरीही सकाळी फिरायला निघाले की कुठेतरी धूर दिसतोच. पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या उपक्रमातून पाने नको असलेल्या सोसायट्या आणि गच्चीवर बाग करणारे लोक यांची गाठ घालून दिली जाते. आमची पोती त्या वाटेने कुठल्या तरी गच्चीवर पोहोचतात आणि मागणी इतकी असते की काही वेळा पोती कमी पडतात.

अंगणवेल | २९ ऑक्टोबर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मागच्या भागात मातीमोल यांच्या पद्धतीने मोअर चालवला. मेपलची पाने खरोखर दिसेनाशी झाली. ओकची पाने मात्र चामड्यासारखी जाड असल्यामुळे एका फेरीत केवळ दुभंगतात, त्यांच्यासाठी दुसरी फेरी अनिवार्य आहे. पुढच्या अंगणाची पहिली कापणीही झाली.

मातीचा अहवाल आला आहे. सामू (पीएच) ५.६, म्हणजे माती आंबट असून फॉस्फरस गरजेपेक्षा अधिक, पोटॅश मध्यम आणि मॅग्नेशियम कमी आहे. म्हणजे आंबटपणा कमी करायला चुना लागणार हे त्या विक्रेत्याचे म्हणणे बरोबर निघाले म्हणायचे. आता चुना आणि खत एकाच दिवशी टाकता येतील का? शिवाय दुकानात ‘विंटरायझर’ (हिवाळी खत) नावाची इतक्या प्रकारची पोती आहेत की त्यांतले कोणते घ्यावे हे समजत नाही.

मातीमोल | ३० ऑक्टोबर

विक्रेत्याचे म्हणणे बरोबर निघाले हे खरे, पण चुना किती आणि कोणता, हे त्याला ठाऊक नव्हते. तुमच्या मातीत मॅग्नेशियम कमी असल्यामुळे साध्या चुन्याऐवजी डोलोमाइटचा, म्हणजे मॅग्नेशियम असलेला, चुना घ्यायला हवा, आणि ही गोष्ट अंगणाकडे पाहून कोणालाही सांगता येत नाही. गोळीच्या स्वरूपातला चुना स्प्रेडरमधून नीट पडतो आणि धूळ उडत नाही. प्रमाण अहवालात दिलेले असेल, परंतु एका वेळी हजार चौरस फुटांना पन्नास पौंडांपेक्षा जास्त टाकू नये. त्याहून अधिक लागत असेल तर उरलेला हप्ता वसंतात द्यावा. तुम्ही पाडलेली छिद्रे अजून पूर्ण बुजलेली नसतील, त्यामुळे चुना थोडा खोलवर जाईल. चुना आणि खत यांच्यात मी काही दिवसांचे अंतर ठेवतो, कारण अमोनियमयुक्त खत ताज्या चुन्याच्या संपर्कात आले की त्यातले काही नत्र हवेत उडून जाते. तुमच्यासाठी खताची तारीख अधिक निकडीची असल्यामुळे आधी खत द्यावे, चुना नंतर टाकला तरी चालेल. जमीन गोठण्यापूर्वी तो पडला म्हणजे झाले.

पोत्यावरच्या ‘विंटरायझर’ या नावाकडे दुर्लक्ष करा आणि तीन आकडे वाचा; ते अनुक्रमे नत्र, फॉस्फरस आणि पोटॅश यांचे असतात. मधला आकडा शून्य असला पाहिजे. न्यू जर्सीच्या २०११ च्या खत कायद्यानुसार, मातीच्या अहवालात कमतरता दिसल्याशिवाय किंवा नवी हिरवळ लावायची असल्याशिवाय फॉस्फरस टाकता येत नाही आणि तुमच्या अहवालात तो मुळातच जास्त आहे. याच कायद्याने घरमालकांना १५ नोव्हेंबरपासून १ मार्चपर्यंत कोणतेही नत्र किंवा फॉस्फरसयुक्त खत टाकण्यास मनाई केली आहे. व्यावसायिकांसाठी ही मुदत १ डिसेंबरपासून सुरू होते. एका वेळी हजार चौरस फुटांमागे ०.९ पौंडापेक्षा अधिक नत्र टाकता येत नाही आणि त्यातले सहज विरघळणारे नत्र ०.७ पौंडाच्या आत असावे लागते.

हिशेब सोपा आहे. समजा, पोत्यावर २५-०-१० असे लिहिले आहे, म्हणजे त्यात पंचवीस टक्के नत्र आहे. तेव्हा ०.९ पौंड नत्रासाठी ३.६ पौंड खत लागेल आणि सहा हजार चौरस फुटांना सुमारे साडेएकवीस पौंड. नव्या गवतासाठी मी निम्म्या मात्रेवर थांबेन. स्प्रेडर निम्म्या मापावर लावून एकदा उभा आणि एकदा आडवा फिरवला तर पट्टे उमटत नाहीत. खत टाकण्याआधी पाने चिरून घ्या किंवा बाजूला करा, टाकून झाल्यावर वाहनमार्गावर आणि पदपथावर उडालेले दाणे झाडून पुन्हा गवतात ढकला आणि मुसळधार पाऊस येणार असेल तर तो दिवस टाळा. गवताची वरची वाढ मंदावलेली आहे पण रंग अजून हिरवा आहे, असा आठवडा खतासाठी योग्य असतो आणि आपल्याकडे तो बहुधा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येतो.

सडेतोड | १ नोव्हेंबर

माझ्या मागच्या अंगणाच्या एका पट्ट्यावर मीही पाने चिरून टाकली आहेत. अजून मत बनवलेले नाही, वसंतात पाहीन. तोपर्यंत एक शंका विचारतो. शेवटची कापणी नेहमीपेक्षा खाली करावी असे काही जण सांगतात, त्यात तथ्य आहे का?

मातीमोल | १ नोव्हेंबर

थोडेसे आहे. शेवटच्या एक-दोन कापण्यांत उंची अडीच इंचांवर आणावी. फार उंच गवत बर्फाच्या भाराने आडवे पडते, त्याखाली स्नो मोल्ड ही बुरशी वाढते आणि व्होल नावाचे उंदीर त्यातून बोगदे काढतात. मात्र एकदम दीड इंचावर आणले तर गवताचा मुकुट, म्हणजे पाती फुटतात तो बुडखा, उघडा पडून थंडी बाधते. पानांचा ओला गठ्ठा बर्फाखाली राहिला तर हे सगळे त्रास एकाच जागी होतात, म्हणून शेवटच्या कापणीनंतर वाऱ्याने कोपऱ्यात साठलेली पाने तेवढी न चुकता हलवावीत.

अंगणवेल | १९ नोव्हेंबर

खत मुदतीच्या आत टाकून झाले आणि चुनाही पडला. दोन्ही ओकांवर अजून निम्मी पाने आहेत आणि ती नाताळपर्यंत पडत राहतील असे दिसते. गवताची वाढ तर थांबली आहे. अशा वेळी केवळ पानांसाठी मोअर चालवला तर चालेल का? शिवाय पुढच्या भागात थोडी विरळ जागा उरली आहे, तिथे आता बी टाकण्यात अर्थ आहे का?

मातीमोल | १९ नोव्हेंबर

जमीन गोठलेली नसेल, गवतावर हिमदव नसेल आणि पाने कोरडी असतील तर डिसेंबरमध्येही मोअर चालवायला हरकत नाही. गोठलेल्या गवतावरून चाक किंवा पाय गेला की पाती मोडतात आणि तिथे काळपट ठसे उमटतात, म्हणून दुपारचे ऊन येईपर्यंत थांबावे. कापण्याची उंची या वेळी अर्धा इंच वर घ्या, म्हणजे केवळ पाने चिरली जातील. ओकची उरलेली पाने एकदम पडत नाहीत, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांतून एखादी फेरी पुरेशी होते.

बी आत्ता टाकले तर ते या हंगामात उगवणार नाही, पण टॉल फेस्क्यूचे बी फेब्रुवारीच्या अखेरीस उघड्या मातीवर विखुरता येते. रात्री गोठणारी आणि दिवसा सैल होणारी माती ते स्वतःच आत ओढून घेते. तसे करणार असाल तर मार्च-एप्रिलमध्ये फोर्सिथियाचे झुडूप पिवळे फुलते त्या सुमारास टाकले जाणारे, क्रॅबग्रास या तणाला उगवू न देणारे औषध त्या जागी वापरू नका. ते क्रॅबग्रासच्या बियांना जसे रोखते तसे तुमच्या फेस्क्यूच्या बियांनाही रोखते. नव्या पेरणीसोबत चालणारी औषधे असतात, त्यांच्या लेबलवर तसे स्पष्ट लिहिलेले असते. मेपलच्या अगदी बुडाशी मात्र बियांवर आणखी पैसे घालवू नका. तिथे तीन इंच ढलप्या पसरा, कारण तिथली सावली आणि वरवर पसरलेली मुळे फेस्क्यूला जगू देणार नाहीत.